कॅसेट डिजिटाइझ करताना चित्रात रेघा, पट्टे, मुंग्या: दोष कुठे आहे ते आधी शोधा

जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेताना चित्र बिघडलं की बहुतेक जण सॉफ्टवेअरकडे धावतात. फिल्टर लावतात, कॅप्चरची डबी (कॅसेटचं चित्र संगणकात घेणारं छोटं उपकरण) बदलतात, नवा प्रोग्रॅम उतरवतात. दोष मात्र बहुतेक वेळा टेप आणि कॅप्चरच्या डबीच्या मध्ये कुठेतरी असतो: टेपवर, हेडवर (टेप वाचणाऱ्या टोकावर), वायरीत नाहीतर विजेच्या जोडणीत. तिथला दोष फाइलमध्ये उतरला की पुढचा कुठलाही फिल्टर तो काढत नाही, फक्त पुसट करतो आणि सोबत चेहऱ्यांचे बारकावेही पुसतो.

म्हणून खालचा क्रम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर टेपचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुन्हा पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या कॅसेटला सगळी शोधाशोध पहिल्यापासून करावी लागते.

## टप्पा १: कॅसेट आधी हातात घेऊन पाहा

यंत्रात घालण्यापूर्वी कॅसेट खिडकीकडून उजेडात धरा. रिळावरच्या टेपची कड गुळगुळीत आणि एकसारखी काळी-तपकिरी दिसायला हवी. कडेवर पांढरी भुकटी, ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे.

सावधान: बुरशी लागलेली कॅसेट चालवू नका. ती भुकटी ड्रमवर (हेडं बसवलेल्या फिरत्या गोल भागावर) आणि गाइडवर (टेपला वाट दाखवणाऱ्या दांड्यांवर) बसते आणि त्या यंत्रात नंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेट बंद पिशवीत वेगळ्या ठेवा. त्यांची सफाई हे वेगळं काम आहे आणि ते मास्क लावूनच करायचं.

कॅसेट ठीक दिसत असेल तर पुढच्या तीन गोष्टी करा.

मागच्या कडेची रेकॉर्ड-प्रतिबंधक टिकली मोडलेली आहे का पाहा. नसेल तर मोडा. कॅप्चरच्या गडबडीत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर जुनं चित्र कायमचं जातं.

कॅसेट थंड किंवा दमट जागेतून आणली असेल तर खोलीत काही तास तशीच ठेवा. टेपवर बाष्प असेल तर ती फिरत्या ड्रमला चिकटते आणि यंत्र टेप खातं.

शेवटी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचे वेढे सैल-घट्ट झालेले असतात. त्यामुळे चालताना ताण बदलतो आणि चित्राचा वरचा भाग वाकतो. बऱ्याच जणांचं चित्र एवढ्यानेच जरा शांत होतं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

तपासणी: गुंडाळताना कर्कश किंचाळल्यासारखा आवाज आला, किंवा वेग अडखळला, तर लगेच थांबवा. टेपवरचा लेप चिकट झालेला असू शकतो. जोर लावून चालवली तर लेप सुटून हेडवर बसतो.

पहिली कॅसेट लग्नाची किंवा बारशाची घेऊ नका. जिचं काही झालं तरी चालेल अशी घ्या.

## टप्पा २: जोडणी आणि यंत्राची सेटिंग

व्हीसीआरला (कॅसेट चालवणाऱ्या यंत्राला) अँटेनाची किंवा केबल टीव्हीची वायर लावलेली असेल तर ती काढा. ती का काढायची ते टप्पा ६ मध्ये येईल.

चित्र अँटेनाच्या गोल आउटपुटमधून घेऊ नका. तिथे व्हीसीआर चित्राला टीव्ही चॅनलच्या लहरींवर चढवतो आणि पुढचं यंत्र ते परत उतरवतं. या चढ-उतारात जाळीसारख्या तिरप्या रेघा फुकट मिळतात. पिवळ्या आरसीए सॉकेटमधून घ्या. यंत्राला एस-व्हिडिओ असेल तर त्यातूनच घ्या. व्हीएचएस टेपवर प्रकाश आणि रंग वारंवारतेच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत नोंदवलेले असतात. पिवळ्या वायरीत ते एकत्र कालवले जातात आणि कॅप्चरच्या डबीला पुन्हा वेगळे करावे लागतात. रंगांच्या कडांवर सरकणारे बारीक ठिपके दिसतात ते या कालवाकालवीचे. एस-व्हिडिओत ही भानगड उरत नाही.

व्हीसीआरच्या मेनूत दोन गोष्टी बघा. सिग्नल कमजोर झाला की निळा पडदा दाखवायची सोय बंद करा, नाहीतर टेपचे खराब पण पाहता येण्याजोगे तुकडे निळ्या पडद्याखाली गडप होतील. शार्पनेस किंवा पिक्चर कंट्रोल असेल तर मधोमध ठेवा, किंवा ‘एडिट’ पर्याय निवडा. शार्पनेस वाढवला की चित्र स्पष्ट होत नाही, मुंग्या स्पष्ट होतात.

## टप्पा ३: दोष कुणाचा, याच्या तीन चाचण्या

या टप्प्यावर वेळ घालवा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

पहिली चाचणी: कॅसेटशिवाय. व्हीसीआरमधून कॅसेट काढा, यंत्राचा मेनू किंवा निळा पडदा आणा (टप्पा २ मध्ये बंद केलेली निळ्या पडद्याची सोय तेवढ्यापुरती चालू करा) आणि तो संगणकावर पाहा. हे चित्र यंत्र स्वतः तयार करतं, त्यात टेपचा आणि हेडचा काही संबंध नाही. इथेही रेघा, पट्टे किंवा थरथर दिसत असेल तर दोष वायर, वीज किंवा कॅप्चरच्या डबीत आहे. थेट टप्पा ६ ला जा. हेड साफ करत बसू नका.

मी स्वतः दोन संध्याकाळी यात घालवल्या आहेत. चित्रभर अगदी बारीक तिरप्या रेघा सरकत होत्या. हेड साफ केलं, ट्रॅकिंग (हेडं टेपवरच्या ट्रॅकवर नेमकी बसवायची सोय) फिरवलं, दुसरी कॅसेट घातली. शेवटी कंटाळून कॅसेट काढली तर निळ्या पडद्यावरही त्याच रेघा! लॅपटॉपचा चार्जर उपसला आणि त्या तत्क्षणी गेल्या. ही चाचणी पहिल्यांदा केली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

दुसरी चाचणी: तोच तुकडा दोनदा. निळा पडदा स्वच्छ असेल तर कॅसेट घाला आणि बिघडलेला तुकडा दोनदा चालवा. दोन्ही वेळा त्याच क्षणी, त्याच जागी, त्याच आकाराची पांढरी रेघ आली तर दोष टेपवर आहे. तिथला चुंबकीय लेप गेलेला आहे. दोष दर वेळी जागा किंवा आकार बदलत असेल तर हेड, ट्रॅकिंग किंवा टेपचा ताण यांच्यावर संशय घ्या.

तिसरी चाचणी: दुसरी कॅसेट. चांगली चालते हे माहीत असलेली एक कॅसेट हाताशी ठेवाच. ती त्याच यंत्रात स्वच्छ दिसली तर यंत्र ठीक आहे. तीही खराब दिसली तर यंत्र दोषी. आदल्या आठवड्यात ती स्वच्छ होती आणि आज नाही, तर मधल्या कुठल्यातरी कॅसेटने हेड घाण केलं आहे.

एक गोष्ट अनेकांना पटत नाही: जुन्या टीव्हीवर चित्र नीट दिसतं, याचा अर्थ सिग्नल नीट आहे असा नाही. नळीचा टीव्ही चित्राच्या आडव्या ओळींच्या वेळेतली चूक सांभाळून घेतो आणि चित्राच्या कडाही चौकटीबाहेर लपवतो. कॅप्चरची डबी तसली मुरवत ठेवत नाही.

## टप्पा ४: हेड साफ करणं

लक्षण ओळखायला सोपं आहे. चित्रभर मुंग्या, पण आवाज स्वच्छ. साध्या मोनो आवाजाचं हेड वेगळं आणि स्थिर असतं, चित्राची हेडं फिरत्या ड्रमवर असतात. एसपी (म्हणजे नेहमीच्या) वेगाला चित्र वाचणाऱ्या दोन हेडांपैकी एकच बुजलं असेल तर चित्र दिसतं पण त्यावर मुंग्यांचा थर लुकलुकत राहतो, कारण एकाआड एक फील्ड (चित्राच्या निम्म्या ओळींचा संच) गायब असतं.

१. यंत्राची वायर भिंतीतून काढा आणि काही मिनिटं थांबा. मगच झाकण उघडा. पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका.

२. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. जखमेसाठी मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं बहुतेक पाणी असतं, ते नको.

३. शॅमॉय चामड्याची पट्टी किंवा धागे न सुटणारं कापड भिजवून बोटाने ड्रमच्या बाजूला आडवं, अगदी हलकं टेकवा. कापड स्थिर ठेवा. दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवा, दोन-तीन वेढे एका दिशेने.

४. कापड उचलून पाहा. त्यावर तपकिरी-काळी आडवी रेघ उमटलेली दिसेल. कापडाची कोरी जागा घेऊन पुन्हा टेकवा, रेघ उमटायची थांबेपर्यंत.

५. ड्रमशेजारचे उभे गाइड, मोनो आवाजाचं हेड आणि टेप ओढणारा धातूचा दांडा यांना इअरबड चालतो. रबराच्या चाकाला अल्कोहोल अगदी कमी लावा.

६. अर्धा तास वाळू द्या, मगच कॅसेट घाला.

सावधान: ड्रमवर इअरबड वापरू नका आणि कापड वर-खाली घासू नका. हेडची टोकं ड्रमबाहेर केसाएवढी डोकावतात. कापसाचा धागा अडकला किंवा उभा झटका बसला की टोक तुटतं आणि यंत्र संपतं.

सफाईची कोरडी कॅसेट हेड घासून साफ करते. नाइलाज असेल तर एकदा वापरा, दर कॅसेटनंतर नको.

## टप्पा ५: ट्रॅकिंग

आता ट्रॅकिंग. आधी नाही, कारण घाणेरड्या हेडवर केलेलं ट्रॅकिंग चुकीच्या जागी बसतं.

ट्रॅकिंगचा दोष म्हणजे चित्रात आडवा, मुंग्यांचा पट्टा. ट्रॅकिंग फिरवलं की तो वर-खाली सरकतो. सरकला तर उपाय तुमच्या हातात आहे. बऱ्याच यंत्रांत कॅसेट चालू असताना चॅनलची वर-खाली बटणं हेच काम करतात. स्वयंचलित ट्रॅकिंगला आधी दहा-पंधरा सेकंद द्या, मग हाताने फिरवा. पट्टा दोन्ही बाजूंना जिथून दिसायला लागतो त्या दोन जागांच्या मधोमध सोडा. पट्टा जेमतेम नाहीसा झाला तिथेच थांबलात तर दहा मिनिटांनी तो परत येतो.

हायफाय आवाजाची कॅसेट असेल तर कान वापरा. हायफाय आवाजही ड्रमवरच्याच हेडांनी वाचला जातो. ट्रॅकिंग थोडं हललं की चित्र बिघडण्याआधी कधीकधी आवाजात गुरगुर किंवा टकटक येते. ती थांबेल तिथे ठेवा.

लाँग प्ले वेगाला रेकॉर्ड केलेल्या कॅसेट जास्त त्रास देतात. पालमध्ये (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत) एसपी वेगाला टेपवरचा ट्रॅक सुमारे ४९ मायक्रॉन रुंद असतो, एलपीत त्याच्या निम्मा. हेड जरासं चुकलं तरी शेजारचा ट्रॅक वाचला जातो. अशी कॅसेट मूळ ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली ते यंत्र चालू असेल तर त्यावरच चालवा. नसेल तर दोन-तीन वेगवेगळ्या व्हीसीआरमध्ये घालून पाहा. महागडं यंत्रच जिंकेल असं नाही, त्या टेपशी सूत जुळणारं जिंकतं.

पट्टा चित्राच्या अगदी वर किंवा अगदी खाली चिकटून बसला असेल आणि ट्रॅकिंगने हलतच नसेल, तर टेपची कड दुमडलेली आहे किंवा गाइडची उंची बिघडली आहे. गाइडचे स्क्रू अंदाजाने फिरवू नका. एक कॅसेट सुधारेल आणि बाकी सगळ्या बिघडतील.

## टप्पा ६: वीज आणि वायरींचे दोष

पहिल्या चाचणीत निळ्या पडद्यावरही खराबी दिसली असेल तर इथे या. दोन मुख्य प्रकार आहेत.

रुंद, अंधूक आडवे पट्टे, सावकाश वर किंवा खाली सरकणारे. हा विजेचा घरघराट, आवाजातही बहुधा बारीक गुंजन असतं. वीज ५० किंवा ६० हर्ट्झची आणि फील्डही सेकंदाला ५० किंवा जवळजवळ ६०. दोघांचा वेग इतका जवळ आहे की पट्टा धावत नाही, रेंगाळतो. कारण बहुतेक वेळा अर्थिंगचा फेरा: व्हीसीआर आणि संगणक दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेले आणि त्या दोघांमध्ये तुमची व्हिडिओ वायर.

- सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा.
- अँटेना किंवा केबल टीव्हीची वायर निघाली आहे ना, पुन्हा पाहा. सगळ्यात जास्त वेळा हीच सापडते.
- लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

सावधान: पट्टा घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापू किंवा झाकू नका. चित्र सुधारेल, पण यंत्राच्या पत्र्याला करंट येऊ शकतो.

बारीक तिरप्या रेघा किंवा माशाच्या काट्यासारखी नक्षी. ही उच्च वारंवारतेची घुसखोरी. उगमस्थान शोधायला चित्र चालू ठेवून एकेक वस्तू बंद करत जा: चार्जर, एलईडी दिवा, डिमर, वायफाय राउटर, जवळ ठेवलेला फोन. मग वायरी. कॅप्चरच्या डबीसोबत आलेल्या पातळ वायरीवरची जाळी अनेकदा नावापुरतीच असते. जाड, जाळीदार आणि शक्य तितकी आखूड वायर घ्या. व्हिडिओ वायर विजेच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

तपासणी: वायर चालू चित्रात दोन्ही टोकांना हलकी हलवा. त्याबरोबर चित्र लुकलुकलं तर आरसीए पिन सैल किंवा काळी पडली आहे.

## टप्पा ७: वरचा भाग वाकतो, उभ्या कडा लाटांसारख्या हलतात

दाराची चौकट सरळ हवी, ती सापासारखी वळवळते. किंवा चित्राचा वरचा इंचभर भाग झेंड्यासारखा एका बाजूला ओढलेला. हा वेळेचा दोष आहे. पालमध्ये प्रत्येक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते. ताणलेली टेप ती थोडी लांब किंवा आखूड करून देते आणि ओळी एकमेकींखाली बसत नाहीत.

फिल्टरने हे सरळ होत नाही. लागतो टाइमबेस करेक्टर, म्हणजे टीबीसी, आणि घोटाळा इथेच होतो, कारण टीबीसी दोन प्रकारचे असतात. लाइन टीबीसी प्रत्येक ओळ सरळ करतो. वळवळणाऱ्या कडांवर तोच औषध. काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) यंत्रांत तो आतच असतो, फक्त मेनूत चालू करावा लागतो. फ्रेम टीबीसी अख्खी फ्रेम साठवून ठरल्या वेळी सोडतो. त्याने फ्रेम गळणं (कॅप्चर होताना मधली चित्रं सुटणं) थांबतं, वळवळ तितकी जात नाही. कुठला हवा ते लक्षणावरून ठरवा, पैसे नंतर घाला.

दोन्ही नसतील तर व्हीसीआर आणि कॅप्चरच्या डबीच्या मध्ये एखादा डीव्हीडी रेकॉर्डर जोडून पाहा. रेकॉर्डिंग करायचं नाही, सिग्नल फक्त आत जाऊन बाहेर येऊ द्यायचा. सगळी मॉडेलं हे करत नाहीत, पण जी करतात ती वरचा वाक चांगलाच कमी करतात.

## टप्पा ८: चित्र उजळतं-मंदावतं, किंवा रंगच येत नाही

रंग अजिबात नाही: कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये पाल की एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत) ते तपासा. तेही बरोबर असेल तर वायर पिवळ्या सॉकेटमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये इनपुट मात्र एस-व्हिडिओ, असं झालंय का पाहा. काही डब्यांत तिथे रंग जातो.

चित्र काही सेकंदांनी उजळतं आणि पुन्हा काळवंडतं, वरच्या भागात फाटतं: ही कॉपी-प्रतिबंधाची लक्षणं. विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटवर ते मुद्दाम घातलेलं असतं. तिथे प्रत काढायचा हक्क आहे का हा कायद्याचा प्रश्न आधी येतो. पण घरच्या शूटिंगवरही हे दिसतं. टेप अस्थिर असली की काही डब्या तिलाच कॉपी-प्रतिबंध समजतात आणि संदेश देऊन कॅप्चर बंद पाडतात. तिथे फ्रेम टीबीसी किंवा कमी संशयी डबी हाच इलाज.

## टप्पा ९: हे दोष नाहीत, यांच्यामागे लागू नका

चित्राच्या तळाच्या दहा-पंधरा ओळी फाटलेल्या, बाजूला सरकलेल्या दिसतात. हे प्रत्येक व्हीएचएसमध्ये असतं. तिथे ड्रमवरचं एक हेड काम संपवून दुसऱ्याच्या हाती देतं. टीव्हीने ते चौकटीखाली झाकलं होतं, एवढंच. शेवटच्या प्रतीत तेवढ्या ओळी काळ्या करा.

हलत्या हाताभोवती कंगव्यासारखे आडवे दात दिसतात तेही टेपचे नाहीत. ते दोन फील्ड एकत्र दाखवल्यामुळे दिसतात. कॅप्चर करताना डीइंटरलेस (फील्डचे दात काढून सलग चित्र बनवणं) करू नका, नंतर प्रतीवर करा.

## टप्पा १०: शेवटचं कॅप्चर

- पालसाठी ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीसाठी ७२०×४८०, २९.९७ फ्रेम. काही प्रोग्रॅम गुपचूप ३० फ्रेम धरतात आणि पालच्या चित्रात दर सेकंदाला झटके बसतात. आधी तो आकडा तपासा.
- हफ-वाययूव्ही किंवा एफएफव्ही१ सारखा लॉसलेस कोडेक (चित्रातलं काहीही न गमावता साठवणारी पद्धत) घ्या. तासाला साधारण ३० ते ४० जीबी धरा.
- डबी संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये थेट लावा, हबमधून नको. संगणकाचं स्लीप आणि स्क्रीन सेव्हर बंद करा.
- गळलेल्या फ्रेमचा आकडा दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा. तासाभरात दोन-चार गळल्या तर चालेल. आकडा एकसारखा चढत असेल तर थांबा आणि टप्पा ७ ला परत जा.
- पांढरा शर्ट किंवा आभाळ सपाट पांढरं दिसत असेल तर कॅप्चरचा ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट खाली घ्या. एकदा कापला गेलेला उजेड फाइलमध्ये परत येत नाही.

हेड आणि ट्रॅकिंग नीट करूनही दोष दर वेळी जागा बदलत असेल (दुसऱ्या चाचणीत पाहिलं तसं) तर तो तुकडा तीन वेळा कॅप्चर करा. दर वेळी चित्र किंचित वेगळं येतं आणि संपादनात तिन्हींमधल्या चांगल्या फ्रेम निवडता येतात.

तपासणी: फाइल पूर्ण झाल्यावर सुरुवातीची दोन मिनिटं पाहून समाधान मानू नका. शेवटची पाच मिनिटं लावा आणि बोलणाऱ्या माणसाचे ओठ पाहा. आवाज मागे-पुढे झाला असेल तर मध्ये कुठेतरी फ्रेम गळल्या आहेत, आणि कॅसेट अजून यंत्रात असतानाच पुन्हा घेणं सोपं.